भिवराबाईची शिशी

मोहाडीच्या आठवडी बाजारात घासाघीस न करता वांगी घेणारी गिऱ्हाइकं एकाच टोपलीसमोर दिसायची. ती टोपली भिवराबाईची. तिथे घासाघीस करून काही उपयोग नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि ज्याला माहीत नसे त्याला ते लवकरच कळायचं.

तहसील कचेरीत बदलून आलेल्या एका साहेबांच्या पत्नीला ते माझ्यादेखत कळलं. बाईंनी पिशवीत वांगी भरून घेतली आणि मग, जगभर करतात तसं, थोडं कमी करायला सांगितलं. भिवराबाईने एक शब्द न बोलता त्यांच्या पिशवीत हात घातला आणि एकेक वांगं काढून परत टोपलीत रचायला सुरुवात केली. बाई गोंधळल्या. "अगं, मी घेत नाही असं कुठं म्हटलं?"

"भाव मी सांगतला, मंग तुमी दुसरा सांगतला," भिवराबाई म्हणाली. "एका वांग्याले दोन भाव कसे राहतील बाई? दुसऱ्या भावाचे वांगे तिकडं पुढं हायेत."

बाईंनी मुकाट्याने पहिल्या भावाची वांगी घेतली आणि बदली होईपर्यंत दुसऱ्या कुणाकडे गेल्या नाहीत.

मी मोहाडीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले ते सत्तरचं दशक नुकतंच कुठे रुळलं होतं तेव्हा. भिवराबाईच्या घराला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली. मधली भिंत कुडाची, त्यामुळे तिच्या घरात काय शिजतंय आणि कोणाला काय बोलणी बसताहेत, हे मला फुकटात कळायचं. तिचं माहेर आंधळगावचं. बांधा बुटका, कपाळ मोठं, आणि आवाज असा की नदीकाठच्या बाडीतून, म्हणजे त्यांच्या भाजीच्या मळ्यातून, तिने हाक मारली तर मी शाळेत खडू खाली ठेवायची. नवरा सुखदेव. सुखदेवभाऊ इतके मवाळ की वाटेत झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा 'जरा सरकतोस का बापा' म्हणत. बाडी ते सांभाळत, बाजार ती सांभाळे. दोघांना मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल विचारणाऱ्याची ती चांगली हजेरी घेई.

बाजार मांडला की तिचं पहिलं काम ठरलेलं. पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला विचारायचं, "कोनतं फाडू?" तो दाखवेल ते वांगं उचलायचं, कमरेचा चाकू काढून चार चिरा द्यायच्या आणि फुलासारखं उघडून ढिगावर ठेवायचं. "पोट पाहून घ्या, मंग बोला." सकाळी फाडलेलं ते वांगं संध्याकाळपर्यंत काळं पडायचं, पण तिथून हलायचं नाही. एकदा त्यात कीड निघाली. शेजारच्या विक्रेत्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. हिनेच उभं राहून सांगितलं, "आज माल बरोबर नाई," आणि भरलेली टोपली डोक्यावर घेऊन घरी आली. सुखदेवभाऊ त्या दिवशी नेहमीपेक्षाही हळू बोलत होते.

दुसऱ्या एका प्रसंगी आमचे एक गुरुजी शिजवलेल्या भाजीची वाटी घेऊन भर बाजारात आले. रश्शात अळी होती. भिवराबाईने वाटी हातात घेतली, अळी बोटाने उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "किडा माझाच हाय." गुरुजींना बदली वांगी मिळाली. भाजी मसालेदार झाली होती, असंही तिने वर सांगितलं.

तिचं एक पालुपद होतं: "बोलली ते बोलली." भाव सांगून झाला, भांडण संपवायचं असलं, कोणाला लग्नाला येते म्हणून कबूल केलं, की शेवटी हे यायचं आणि त्यानंतर त्या विषयावर बोलणं बंद. तिने शब्द फिरवलेला गावात कोणी पाहिला नव्हता. मला तर कधी कधी वाटायचं की ही बाई चुकीचा शब्दही फिरवणार नाही, आणि त्यात एक दिवस स्वतःच अडकेल.

शहात्तरच्या हिवाळ्यात तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. जेवण झालं की बरगडीखालून कळ निघायची ती पाठीत, थेट खांद्यापर्यंत जायची. बाजारात बसल्या बसल्या ती तागडीतलं किलोचं वजन उचलून कुशीला दाबून धरायची. लोखंड गार असतं, बरं वाटतं म्हणे. गिऱ्हाईक आलं की वजन कुशीवरून निघून तागडीत जायचं, वांगी मोजून झाली की परत कुशीला. मी हे दोन-तीन बाजार पाहिलं आणि सुखदेवभाऊंना म्हटलं, हिला दवाखान्यात न्या. ते म्हणाले, "मी म्हनलं तं ऐकते का ते? तुमी म्हना." मी म्हटल्यावरही ती ऐकली नाही. शेवटी एका रात्री कळ इतकी वाढली की तिचं ओरडणं भिंतीतून ऐकू आलं, आणि ओरडणं हा तिचा स्वभाव असला तरी हे ओरडणं वेगळं होतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. माझा भाऊ तिथे राहत होता, म्हणून मी सोबत गेले. गोळ्या खायला देऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि पित्ताशयात खडे आहेत असं निघालं.

"खडे कुठून आले?" भिवराबाईने विचारलं. "तांदूळ तं मी निवडून रांधते."

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर उंच, सडपातळ, भराभर बोलणारे. त्यांनी पित्ताची पिशवी म्हणजे काय, खडे कसे होतात, पिशवीच काढावी लागेल, हे कागदावर चित्र काढून सांगितलं. तिने चित्र नीट पाहिलं आणि अट घातली. "मी बाजारात वांगं फाडून दाखवते. तुमी मले फाडनार, तं आतलं मले दाखवाचं."

डॉक्टर हसले आणि कबूल झाले. त्यांना वाटलं असावं की बाई शुद्धीवर आल्यावर विसरेल.

ती शुद्धीवर आली ती "कुठं हाय?" असं विचारतच. पुढे काय झालं ते मात्र आमच्या सुखदेवभाऊंनाच सुचू शकतं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात दोन शिश्या दिल्या होत्या. लहान शिशीत खडे, ते बाईंना दाखवायला घरी न्यायचे. मोठ्या तोंडाच्या शिशीत औषधात बुडवलेली पित्ताची पिशवी, ती तपासणीसाठी प्रयोगशाळेत द्यायची. त्या काळी ही नेआण नातेवाईकच करत. सुखदेवभाऊ जिन्यात बसून बराच विचार करत राहिले. मग त्यांनी खड्यांची शिशी कागदात गुंडाळून तपासणीच्या खिडकीवर दिली आणि पिशवीची शिशी घरी आणली. पुढे मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी फार गंभीरपणे समजावलं, "आजार कायचा? खड्याचा. मंग तपासायचा तो आजार का नाई? पिशवी तं बिचारी भिवराची. तिची वस्तू तिले देली."

डॉक्टरांनी महिन्याने दाखवायला बोलावलं होतं. तो महिना मोहाडीचा बाजार विसरणार नाही. उघडलेल्या वांग्याशेजारी, ढिगाच्या डोक्यावर, ती शिशी. आत पाण्यात पांढुरकी, सुरकुतलेली, अंगठ्याएवढी पिशवी. आंधळगावपासून लोक पाहायला आले. एका म्हाताऱ्याने हात जोडले. माझ्या वर्गातल्या मुलींनी चित्रकलेच्या तासाला फुलदाणीऐवजी शिशी काढली. गावात तोवर पोट उघडून जिवंत परत आलेलं माणूस कमी, आणि आलं तरी आत काय होतं ते कोण दाखवतो? भिवराबाई दाखवत होती. प्रत्येकाला तेच सांगत होती.

"आजार शिशीत, मी बाहेर. बोलली ते बोलली."

तिचं दुखणं खरंच थांबलं होतं. अंगावर मांस आलं. पुरीभाजी खाऊन ती मला मुद्दाम कुशीवर थाप मारून दाखवायची.

महिन्याने आम्ही नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर खड्यांची शिशी होती. प्रयोगशाळेने ती परत पाठवली होती, मूळ वस्तू कुठे आहे असं विचारून. डॉक्टरांनी सुखदेवभाऊंकडे पाहिलं. "पिशवी कुठं आहे?"

"बाजारात," भिवराबाईने उत्तर दिलं.

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी शिशी आजच्या आज आणायला सांगितलं. "पुढचा बाजार होऊ द्या," ती म्हणाली. "आज," ते म्हणाले. सुखदेवभाऊ तसेच उठून गाडीला लागले. कोणाच्या एका शब्दावर भिवराबाई गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी मला आणि सुखदेवभाऊंना बाहेर व्हरांड्यात घेतलं. पिशवीच्या भिंतीत कर्करोग सापडला होता. डोळ्यांना दिसेल अशी गाठ नव्हती, भिंत थोडी जाड होती इतकंच. पित्ताशयाचा कर्करोग बहुतेकदा कावीळ होऊन, पोटात पाणी भरून, मगच डॉक्टरांपर्यंत येतो आणि तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. हिचा खड्यांच्या निमित्ताने आधीच सापडला. पण तो भिंतीत बराच खोल गेला होता. पिशवी यकृताला चिकटलेली असते, तेव्हा तिथे काही उरलं आहे का, जवळच्या लसिकाग्रंथींच्या गाठींमध्ये उतरलं आहे का, हे परत पोट उघडून पाहावं लागेल. यकृताचा तो तुकडा आणि त्या गाठी काढाव्या लागतील. शस्त्रक्रिया मोठी आहे, पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठी, असं ते म्हणाले.

सुखदेवभाऊ भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "साहेब, तिले सांगू नोका. चांगली चालून-फिरून राहिली. कायले कापता?"

आणि दारातून आवाज आला, "शिशी कोनाची होती?"

ती केव्हा उठून आली होती, कुणास ठाऊक. "शिशी माझी, तं निकाल मले सांगा. कीड निघाली अन गिऱ्हाइकालेच सांगत नाई, हे कोनतं दुकान?"

डॉक्टरांनी तिला आत नेलं आणि पुन्हा कागद घेतला, पुन्हा चित्र काढलं. रोगाचं नाव सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी गावातली अशी माणसं येत होती जी हे नाव कानावर पडताच खाटेला खिळली. भिवराबाईने विचारलं, "अजून आत हाय का?"

"असेल किंवा नसेल. उघडल्याशिवाय कळत नाही."

"हे बरोबर बोलले तुमी," ती म्हणाली. "न फाडता कसं सांगाल. अन कापता ते काय, कलेजी?"

"कलेजीच. तिचा एक तुकडा. ती पुन्हा वाढते."

हे तिला पटलं. वांग्याचं झाड थकलं की ती खालून छाटायची आणि ते पुन्हा फुटायचं. मग तिने सरळ विचारलं, "मी जगन का? एक भाव सांगा."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. बाजारातली तिची रीत त्यांना ठाऊक नव्हती, पण माणूस ओळखणारा होता तो. "बाई, भाव माझ्या हातात नाही," ते सावकाश म्हणाले. "मापात काटा मारणार नाही, एवढं सांगतो."

"फाडून घ्याले येते," एवढं बोलून ती उठली.

घरी आल्यावर मात्र अवघड झालं. डॉक्टरांना हो म्हणणं सोपं होतं. मोहाडीत प्रत्येक घर तिला सांगत होतं की तू बरी झालीस. तूच तर सांगितलंस. आंधळगावहून तिचा भाऊ आला, आणि सांगून गेला की चांगलं झालेलं माणूस दुसऱ्यांदा टेबलावर घालणारे डॉक्टर शिकण्यासाठी कापतात. सुखदेवभाऊ तर जेवेनासे झाले. रोज संध्याकाळी एकच वाक्य, "आता तं बरी हायेस वं." भिंतीपलीकडून ते ऐकताना मला त्यांचा राग येई आणि त्यांच्यासाठी रडूही येई. तिचं उत्तर ऐकू यायचं नाही. ती दिवसभर बाडीत वांग्यांच्या ओळीत बसून राहायची, तण काढायच्या निमित्ताने. तण तिथे नव्हतंच.

एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, भीती वाटते का?

"कापायची नाई वाटत," ती म्हणाली. "मी बाजारात इतक्या लोकाईले सांगतलं. आजार शिशीत. आता त्याईले काय सांगू? चुपचाप जाईन, तिकडंच मरन, तं लोक म्हनतील भिवरा खोटी बोलून गेली. अन जगली तरी खोटीच."

मी शिकलेली बाई. मी तिला सांगितलं की लोकांचा विचार करू नकोस. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बाजारात कधी बसलेली नाही हे मलाच आठवलं.

पुढच्या बाजाराला तिने टोपली मांडली. वांगं फाडलं, उघडून ठेवलं. शिशी अर्थातच नव्हती. बाजार ऐन भरात आला तेव्हा ती टोपलीमागे उभी राहिली. ओळखीचा तो आवाज निघाला आणि बांगडीवाल्यापासून सुकी मासळीवाल्यापर्यंत माना वळल्या.

"आयका," ती म्हणाली. "मी सांगतलं होतं आजार शिशीत हाय. बोलली ते बोलली, पन खोटं बोलली. शिशीत होता तो पुरा नाई. मले कँसर हाय. अर्धा आत असन, म्हनून मी परत फाडून घेऊन राहिली. किडा माझाच हाय."

आणि खाली बसली. जणू भाव सांगून झाला.

बाजार तिच्या टोपलीभोवतून हळूहळू बाजूला झाला. त्या काळी लोकांना वाटे की हा रोग लागतो. हात लावलेली वांगी एका बाईने परत ठेवली. दुसरी पोराला ओढून घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत तिचं एक वांगं विकलं गेलं नाही. ती शेवटपर्यंत बसून राहिली, कारण बाजार उठायच्या आधी उठणं तिच्यात नव्हतं. मी दोन किलो घ्यायला गेले तर म्हणाली, "तुमाले इतके लागत नाई, बाई. कीव कराले येऊ नोका." आणि मला नेहमीएवढीच दिली.

उरलेली टोपली तिने फेकली नाही. दुसऱ्या दिवशी तीच टोपली डोक्यावर घेऊन ती नागपूरच्या गाडीत बसली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "कोनी घेतले नाई. माल चांगला हाय, फाडून पाहा." डॉक्टरांनी खरंच एक फाडून पाहिलं, असं सुखदेवभाऊ सांगत.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली आणि दुपार कलली तरी चालू होती. मी आणि सुखदेवभाऊ बाहेर बाकावर. ते एकदाच बोलले. "माझ्यानं तिले अडवणं झालं नाई, बाई. बरं झालं का वाईट झालं?"

त्यानंतरचे दिवस वाईट होते. ताप यायचा. कुशीतल्या नळीतून पित्त झिरपत राहिलं आणि थांबेना. नर्सने उठवायच्या आधी भिवराबाई खाटेची दांडी धरून उठायची, पडायची, शिव्या द्यायची, पुन्हा उठायची. नळीची बाटली हातात धरून ती वॉर्डच्या टोकापर्यंत जायला लागली. मला म्हणाली, "पाहा, अजून एक शिशी. हे नाई नेनार बाजारात." त्या आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

निकाल आला. यकृताच्या तुकड्यात काही नव्हतं. एका गाठीत मात्र रोग होता. परत उघडलं नसतं तर तो तिथेच राहिला असता. डॉक्टरांनी तिला हेही सांगितलं की आता सगळं निघालं असं मी म्हणणार नाही, दिसलं ते काढलं. तिने मान डोलावली. तिच्या दृष्टीने हा सचोटीचा धंदा होता.

ती परत आली तेव्हा अंगात निम्मी उरली होती. तरी एक पावसाळा उलटला आणि ती बाजारात बसली. पहिले काही आठवडे गिऱ्हाईक नव्हतं. ती वांगं फाडून ठेवायची आणि बसून राहायची. मग ते अळीवाले गुरुजी आले. त्यांच्यामागून एकेक जण येत गेला. कोणी कधी माफी मागितली नाही आणि तिनेही उल्लेख केला नाही. भाव तेवढा सगळ्यांना एकच राहिला.

दरवर्षी तपासणीला बोलावत. ती टोपली घेऊन जायची. डॉक्टरांभोवती शिकणारी मुलं असत. ते त्यांना हिच्यापाशी आणत, पोटावरचे दोन व्रण दाखवत, किती वर्षं झाली ते सांगत आणि मुलं वहीत लिहून घेत. गाडीतून येताना ती मला म्हणाली, "आता मीच शिशी झाली, बाई. पाहून जाते लोक." तिला त्यात मजा वाटायची. पण एका वर्षी ती गाडीत बसली ती गप्पच. तिथल्या बाकांवर पिवळ्या डोळ्यांच्या बाया बसलेल्या असत. त्यांना विचारलं तर कळायचं की हेच दुखणं आहे, आणि पुढल्या वर्षी त्यांतली एकही दिसायची नाही. "मी एकटीच काहून?" तिने मला विचारलं. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. तिला उचलून छातीशी धरावंसं वाटलं मला. मी तिचा हात धरला तो वरठीचं स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर ती बाजारात नवीन काम करायला लागली. टोपलीसमोर आलेल्या बाईने कुशीला हात लावला की वांगी राहायची बाजूला. "किती दिसापासून? जेवल्यावर? पाठीत जाते?" आणि मग, "भंडाऱ्याले जा. उद्याच जा." एका-दोघींना तिने स्वतः दटावून गाडीत बसवलं. त्यांचे साधे खडे निघाले आणि त्या तिच्यावर चिडल्या. ती म्हणाली, चिडा, पण पिशवी तपासायला दिली का ते सांगा.

सत्याऐंशी साली माझी बदली झाली. सामान बांधून मी मोहाडीच्या स्टँडवर उभी होते, तिथेच मी तिला शेवटची पाहिली. दुसऱ्या शस्त्रक्रियेला दहा वर्षं झाली होती. तिच्यासोबत आंबागडची एक तरणी बाई होती. खड्यांसाठी पिशवी काढून ती बरी झाली होती आणि मग तपासणीचा निकाल आला होता, अगदी भिवराबाईचा आला होता तसा. नवरा बायकोला पुन्हा पाठवायला तयार नव्हता. भिवराबाई आंबागडला जाऊन दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसली होती. बाईला घेऊनच उठली.

नागपूरची गाडी आली. कंडक्टर टोपली टपावर टाकायला म्हणाला. "डाक्टरचे वांगे हायेत," असं सांगून तिने टोपली मांडीवर घेतली. मी खिडकीशी गेले. निरोपाचं काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात आंबागडची बाई रडू लागली आणि तिने भिवराबाईचा दंड धरून विचारलं, "आजी, तुमी जगल्या. मी जगन ना? सांगा ना एकदा, जगन म्हनून."

मला वाटलं, आता ती म्हणेल. दहा वर्षं जगलेल्या माणसाला तेवढं म्हणायला काय हरकत होती? तिच्याजवळ नेहमी एकच भाव असायचा आणि तो ती न विचारता सांगायची. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"भाव नाई सांगत, बाई," ती म्हणाली. "मले कोनी सांगतला नव्हता. काटा मारत नाई तो मानूस, एवढं माझ्याकडून घे."

पोरीने डोळे पुसले. तिने मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. भिवराबाईने टोपलीतून एक वांगं उचललं, कमरेचा चाकू काढला आणि ते तिच्यासमोर धरलं.

"हे फाडू का दुसरं?" तिने विचारलं.

पोरीने बोट दाखवलं. घंटी वाजली आणि गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली.